मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी

मागच्या पावसाळ्यात पावसच्या बाजूच्या एक बाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या होत्या. सून पहिलटकरीण. तिची तपासणी झाली, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, दोघी उठल्या. सून बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्यावर सासूबाई मात्र दारातून परत आल्या. हातातल्या पिशवीतून त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि हळूच विचारले, "डॉक्टरबाई, हा कागद अजून चालेल काय?"

कागद माझ्याच अक्षरातला होता. तारीख बऱ्याच महिन्यांपूर्वीची. बाईंचे वय शेहेचाळीस, अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार होती म्हणून मी त्यांची पॅप स्मिअर केली होती. अहवालात 'एचएसआयएल' अशी चार अक्षरे आली होती आणि मी खाली लिहिले होते, 'कॉल्पोस्कोपीसाठी पाठवीत आहे'. त्या दिवशी बाहेर बरीच गर्दी होती. मी त्यांना एवढेच म्हटले होते की, मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवून या.

मग का गेला नाहीत, असे मी विचारले. त्यांचे उत्तर मी विसरलेले नाही. त्या म्हणाल्या, "जास्त असते तर तुम्ही सांगितले असते. आणि काही नसते तर पाठवले नसते. मला कायच कळेना. मग म्हटले, गणपती होऊन जाऊ देत." गणपतीनंतर भातकापणी आली, मग मुलाचे लग्न, मग आंबा. कागद देवघराच्या फळीवर राहिला.

चूक त्यांची होती असे मला वाटत नाही. 'दाखवून या' हे वाक्य आम्ही डॉक्टर मंडळी दिवसातून दहा वेळा उच्चारतो, पण त्यातून ऐकणाऱ्या बाईला काय दाखवायचे, कोणाला दाखवायचे, तिथे काय करतील आणि किती घाईचे आहे यातले काहीच समजत नाही. म्हणून आजचा लेख या चिठ्ठीविषयी.

अशा चिठ्ठ्या घरीच राहतात, हे काही आपल्या कोकणापुरते नाही. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून झोपडपट्टीतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा एक मोठा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून तपासणी केली. याला 'व्हाया' तपासणी म्हणतात. या वस्त्यांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, ही गोष्ट २०१३ साली जगभर गाजली. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. पहिल्या तपासणीला शंभरातील ८९ स्त्रिया आल्या. पण ज्यांना पुढील तपासणीसाठी बोलावले, त्यांतील ७९ टक्केच पोचल्या. घरोघरी जाणाऱ्या ताया होत्या, फुकट सोय होती, आणि तरीही पाचातील एक बाई दुसऱ्या पायरीवर थांबली. आपल्याकडे मंडणगड किंवा राजापूरच्या आडगावातल्या बाईला एक दिवसाची मजुरी बुडवून, दोन गाड्या बदलून जायचे असते, हे ध्यानात घ्यावे.

आता अहवालातल्या शब्दांकडे येऊ. निम्मा घोटाळा तिथेच असतो. 'निगेटिव्ह' म्हटले की काहीतरी वाईट आणि 'पॉझिटिव्ह' म्हटले की चांगले, असे समजून गेलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. तपासणीच्या भाषेत ते नेमके उलटे आहे. निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होतो ते सापडले नाही. 'इन्फ्लमेटरी' म्हणजे सूज किंवा जंतुसंसर्ग. त्यावर गरजेप्रमाणे औषध असते, मुंबई गाठण्याचे कारण नाही. 'अनसॅटिस्फॅक्टरी' याचा अर्थ बाईत दोष आहे असा नसून काचपट्टीवर पुरेशा पेशी आल्या नाहीत, दोन-चार महिन्यांत पुन्हा नमुना घ्यावा, एवढाच आहे.

'एएससीयूएस' म्हणजे पेशी थोड्या वेगळ्या दिसतात पण नक्की सांगता येत नाही. 'एलएसआयएल' म्हणजे सौम्य बदल, आणि तो बहुतेक स्त्रियांत वर्ष-दोन वर्षांत आपोआप मावळतो. माझ्या कागदावर होती ती 'एचएसआयएल', म्हणजे तीव्र बदल. हाही कर्करोग नव्हे. पण तो पुढे कर्करोगात जाऊ शकतो म्हणून त्याची नीट पाहणी झालीच पाहिजे. व्हाया तपासणीत पांढरा डाग दिसला म्हणून पाठवलेल्यांपैकी तर पुष्कळ जणींना नुसता संसर्ग किंवा नैसर्गिक बदल निघतो. ती तपासणी चाळणीसारखी आहे. चाळणीवर खडा राहतो तसा कधी जाडसर दाणाही राहतो. मग हाताने निवडावे लागते, आणि निवडण्याचे ते काम म्हणजे कॉल्पोस्कोपी.

पाहिले नाही तर काय होते, याचे उत्तर वैद्यकशास्त्राला एका दुर्दैवी मार्गाने मिळाले आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरातल्या नॅशनल वुमन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि १९७० च्या दशकांत एका ज्येष्ठ डॉक्टरांचे मत असे होते की, गर्भाशयमुखाच्या तीव्र बदलांचे सहसा कर्करोगात रूपांतर होत नाही. म्हणून काही स्त्रियांचा फक्त तुकडा तपासून त्यांना उपचाराविना नजरेखाली ठेवण्यात आले, आणि हे त्यांना सांगितलेही गेले नाही. पुढे १९८७ मध्ये दोन महिला पत्रकारांच्या लेखामुळे हे उघडकीला आले, न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांनी चौकशी केली आणि १९८८ साली अहवाल दिला. जुन्या नोंदी नंतर पुन्हा तपासल्या तेव्हा दिसले की, उपचार न मिळालेल्या १४३ स्त्रियांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांना वेळेवर योग्य उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते.

या आकड्यांचा अर्थ मी माझ्या बाईंना दोन भागांत सांगितला. एक, हा आजार गोगलगाईच्या चालीने जातो, त्यामुळे इतके महिने गेले म्हणून सारे संपले असे नाही, कागद नक्की चालेल. दुसरे, तो गोगलगाईच्या चालीने का होईना पण पुढे जातो, म्हणून आता दिवाळीची वाट पाहू नका. पुष्कळ स्त्रिया उशीर झाल्याच्या संकोचानेच जात नाहीत. डॉक्टर ओरडतील, इतके दिवस काय करीत होतात म्हणतील, अशी भीती असते. कोणी ओरडले तर ऐकून घ्यावे, पण केसपेपर काढून आत जावे.

दुर्बिणीने काय पाहतात?

कॉल्पोस्कोपी हा शब्द मोठा असला तरी प्रकार साधा आहे. बाळंतपणाच्या तपासणीला झोपवतात तसेच झोपवतात. पॅप तपासणीला वापरतात तेच साधन लावून गर्भाशयाचे मुख दिसेल असे करतात. दुर्बीण शरीराच्या आत घालीत नाहीत, ती बाहेर उभ्या दांड्यावर असते आणि डॉक्टर तिच्यातून पाहतात. मुखाला आधी सौम्य आम्ल लावतात, मग आयोडीन. थोडी चुरचुर होते. संशयास्पद जागा दिसली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, तेव्हा पाळीत येते तशी कळ येते. भूल द्यावी लागत नाही, साऱ्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि बाई चालत घरी जाते. नंतर दोन-चार दिवस थोडे लाल किंवा काळपट जाते. तेवढे दिवस शरीरसंबंध टाळावा. कपडे भिजतील इतके रक्त गेले, ताप आला किंवा घाण वास येऊ लागला तर मात्र लगेच दाखवावे.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो' हे वाक्य जिल्ह्याच्या प्रत्येक गावात कोणी ना कोणी सांगतेच. या तपासणीने कर्करोग पसरत नाही. समज कसा पसरला हे उघड आहे. पूर्वी लोक फार उशिरा जात, तुकडा तपासला जाई, मग काही महिन्यांत माणूस दगावे, आणि दोष तुकड्यावर येई.

तुकड्याच्या अहवालात 'सीआयएन' आणि पुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. कर्करोगाची पहिली, दुसरी, तिसरी पायरी असा त्याचा अर्थ घेऊन एक कुटुंब माझ्याकडे रडत आले होते. तसे नाही. तिन्ही आकडे कर्करोगाच्या अलीकडचे आहेत. १ असेल तर बहुतेक वेळा नुसते लक्ष ठेवतात. २ किंवा ३ असेल तर तेवढाच खराब भाग गोठवून, उष्णता देऊन किंवा विजेच्या तारेच्या कड्याने काढून टाकतात. हे काम बहुधा एका दिवसात होते, पोट उघडावे लागत नाही आणि गर्भाशय जागेवर राहते.

विषाणू आणि घरातला संशय

चिठ्ठी लपवून ठेवण्याचे आणखी एक कारण आहे आणि त्याविषयी कोणी मोकळेपणी बोलत नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. एवढे कानावर पडले की घरात प्रश्न उभा राहतो. नवरा मुंबईला किंवा आखातात, बाई गावी, आणि कागदावर 'एचपीव्ही पॉझिटिव्ह'. मग तिने त्याच्याकडे संशयाने बघायचे की त्याने तिच्याकडे?

दोघांनीही बघू नये. हा विषाणू इतका सर्वसाधारण आहे की संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो लागतोच. त्याचे ताप, पुरळ असे काही लक्षण नसते, आणि तो वर्षानुवर्षे गप्प राहू शकतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी आलेला विषाणू आज दिसू शकतो. या अहवालावरून कोण केव्हा कोणाबरोबर होते हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि सांगू पाहील तर त्याचे ऐकू नये. शिवाय बहुतेक स्त्रियांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकून लावते. जिच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, तिच्यावर लक्ष ठेवायचे असते, म्हणून पुढची तारीख देतात.

ही विषाणूची तपासणी किती उपयोगी आहे, हे जगाला मराठवाड्याने दाखवले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत १९९९ पासून टाटा रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांनी ३० ते ५९ वर्षांच्या एक लाख एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांवर अभ्यास केला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणी आणि ज्यांना गरज होती त्यांची पुढील तपासणी व उपचार, एवढे केल्यावर आठ वर्षांत त्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटात नेहमीचीच व्यवस्था होती तिथे ६४ झाले. हे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवणे योग्य होते का, यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती अगदीच गैरलागू नव्हती. पण बार्शी भागातल्या त्या खेडवळ बायकांनी अपुऱ्या एसटी गाड्यांतून जाऊन पुढची तपासणी पूर्ण केली, म्हणून तो आकडा खाली आला, हे विसरता येत नाही.

उलट बाजूची भीती

आता नाण्याची दुसरी बाजू. काही स्त्रिया मोठ्या डॉक्टरांकडे जात नाहीत, कारण तिथे गेले की 'पिशवी काढा' म्हणतील अशी त्यांची खात्री असते. ही भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पांढरे जाणे, पोटात दुखणे अशा तक्रारींवर 'कॅन्सर होईल' असे सांगून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेकींनी सांगितले. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना मार्गदर्शक नियम लागू करण्यास सांगितले.

म्हणून वाचक भगिनींनी एवढे पक्के ध्यानात ठेवावे. पांढरे जाणे हे पिशवी काढण्याचे कारण नाही. गर्भाशयमुखावरची लाली किंवा 'जखम' हेही नाही. सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली आणि त्रास काही नाही, तर बहुधा काहीच करावे लागत नाही. पाळी चालू असलेल्या बाईच्या बीजकोशात पाण्याची साधी गाठ असेल तर ती पुष्कळदा आपली आपण जिरते, दीड-दोन महिन्यांनी सोनोग्राफी पुन्हा करून खात्री करतात. कोणी एकाच भेटीत तुकडा न तपासता 'उद्याच ऑपरेशन' म्हणत असेल, आणि रक्तस्राव वगैरे तातडीचे काही नसेल, तर कागद मागून घ्यावेत आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. कागद मागणे हा आपला हक्क आहे, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

उलट एका तक्रारीत मात्र थांबायचे नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, मग तो एकच डाग का असेना, तर ते तपासलेच पाहिजे. 'पाळी परत आली' असे म्हणून हसण्यावारी नेणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. अशा दहा जणींपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो, पण दहावी कोण ते सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भाशयाच्या आतील आवरणाचा तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. संबंधानंतर रक्त जात असेल तर तेही असेच.

जायचे ठरवल्यावर

आपल्याकडे रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय आहे, चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे, पलीकडे घाट चढून कोल्हापूर आणि रेल्वेने मुंबई. त्या त्या ठिकाणी कॉल्पोस्कोपी कोणत्या वारी होते हे आधी विचारून निघावे, म्हणजे फुकट खेप पडत नाही. एसटीत २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. कर्करोग निघालाच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत त्याचे उपचार बसतात. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या प्रती बरोबर असाव्यात.

पाळीच्या दिवसांत ही तपासणी करीत नाहीत, म्हणून पाळी संपल्यानंतरची तारीख घ्यावी. पण रक्त थांबतच नसेल तर थांबण्याची वाट न पाहता जावे. आदल्या दोन दिवसांत योनिमार्गात औषध ठेवू नये. दिवस गेले असल्याची शक्यता असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा आयोडीन सोसत नसेल तर आधी सांगावे. जुने सगळे अहवाल न्यावेत. तुकडा आधी दुसरीकडे तपासला असेल तर त्याच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही प्रयोगशाळेतून मागून घ्यावा, मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा पाहतात आणि दुसरा तुकडा काढणे कदाचित वाचते. बरोबर एक माणूस असावे. नवराच पाहिजे असे नाही, जाऊ, बहीण, शेजारीण, आशाताई कोणीही चालेल. आत चार गोष्टी सांगतात त्यातल्या दोन घाबरलेल्या बाईच्या लक्षात राहत नाहीत, त्या बरोबरचीच्या राहतात.

आणि उठण्यापूर्वी विचारावे की, अहवाल केव्हा मिळेल, तो कोण सांगेल, आणि तो आला नाही तर मी कोणाला विचारू? अहवाल आणायला कोणी न गेल्यामुळे तो रुग्णालयाच्या कपाटातच राहिला, असे घडते. 'काही असेल तर कळवतील' यावर विसंबून राहू नये.

त्या दिवशी मी माझ्या बाईंना समोर बसवून हे सारे सांगितले. कोऱ्या कागदावर गर्भाशयाचे चित्र काढून दाखवले. ते मी पहिल्याच वेळी करायला हवे होते, आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला नाही. पुढच्या आठवड्यात त्या धाकट्या जावेबरोबर गेल्या. तुकड्याचा अहवाल 'सीआयएन ३' आला. तारेच्या कड्याने तेवढा भाग काढला, सकाळी गेलेल्या संध्याकाळच्या गाडीने घरी आल्या. काढलेल्या भागात कर्करोग नव्हता.

वर्षाने पुन्हा तपासणी करायची आहे. ती तारीख नेमकी गणपतीच्या तोंडावर येते, म्हणून आम्ही ती नारळी पौर्णिमेच्या आधीच धरली आहे. या वेळची चिठ्ठी त्यांनी देवघरात ठेवलेली नाही, जावेकडे दिली आहे. जावेचीही तपासणी त्याच दिवशी करायची ठरली आहे. तिचे वय एकेचाळीस, आणि तिची आजवर एकदाही झालेली नाही.